सतरा अंकांची एक संख्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते गणित शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविले. म्हणून दोन्ही विषयांना स्पर्श करणारी एक संख्या मी आज निवडली आहे : १२३४५६७८९८७६५४३२१.

हिचे अंक सतरा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील सतरावे स्थान ‘मध्य’. या संख्येचा डावीकडील पहिला अंक तेथे बसतो. एवढी मोठी संख्या मोजण्यासाठी आपल्या परंपरेला शब्द उसने आणावे लागले नाहीत. लिंबायतमधील अनेक कुटुंबे ज्या खानदेशातून आली, तेथेच चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. हा वारसा, मुलांनो, तुमच्या घरचा आहे.

आता संख्येकडे वळू. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. उजवीकडून वाचा वा डावीकडून, ती तीच राहते. तिच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ने तिला निःशेष भाग जातो. हा योगायोग नव्हे. मूळ संख्येला ९ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ९च्या वर्गाने भाग जाणारच.

एककांच्या अशा वर्गांचा अभ्यास करून त्यांना ‘डेम्लो’ हे नाव देणारे, आणि अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हणणारे गृहस्थ एकच : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात ते शाळाशिक्षक होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती जगभर पसरली. आपली ही संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही.

परंतु आनंदापाशी थांबून चालत नाही. एक ते नऊ एककांपर्यंत प्रत्येक वर्ग असाच चढतो आणि उतरतो. मग दहा एककांचाही तसाच असेल, असे मन सहज म्हणते. प्रत्यक्ष उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली! गुणाकार उभा मांडला की कारण दिसते. मधल्या रकान्यात आता दहा एक येतात. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. तेथील नऊचे दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. पुढील आठाचा नऊ होतो.

नऊ दाखले खरे ठरले म्हणून दहावा खरा ठरतोच असे नाही. हे गणितात खरे, व्याकरणात खरे आणि माणसांविषयी मत बनवितानाही खरे. कारण विचारण्याची सवय लावणारा शिक्षक म्हणूनच विद्यार्थ्यांच्या आयुष्यात टिकून राहतो.

विद्यार्थी मित्रहो, घरी गेल्यावर अकरा एककांचा वर्ग कागदावर स्वतः मांडा. उत्तर कोणास विचारू नका. हातचे मात्र नीट सांभाळा.