कचेरीतला नाका



माझे शिक्षण रात्रशाळेत झाले, आणि तेही पुरते झाले नाही. तेव्हा संगणकावर बोलण्याचा याला काय अधिकार, अशी शंका आपणांस आली तर ती रास्तच आहे. मी त्या यंत्राकडे गेलो तो एका आरोपपत्राच्या वाटेने.

आमच्या युनियनचे एक सभासद हिशेबखात्यात कारकून आहेत. मुलीच्या लग्नासाठी फंडातून उचल घ्यावयाची होती. पण कचेरीतल्या संगणकावर भविष्यनिर्वाह निधीचे संकेतस्थळ उघडेना. पडद्यावर नुसती पाटी : 'प्रवेश निषिद्ध'. पुतण्याने त्यांना फुकटचा व्हीपीएन बसवून दिला. तिसऱ्या दिवशी ते पकडले गेले आणि निलंबित झाले.

येथे आतली व्यवस्था सांगितली पाहिजे. कचेरीतल्या सर्व संगणकांची वाट एका नाक्यावरून जाते. नाकेदार माणूस नव्हे, यादी आहे : जुगार, करमणूक, राजकारण अशी सदरे पाडलेली, आणि बहुधा बाहेरच्याच कोणा कंपनीकडून विकत घेतलेली. यादीला अक्षरे कळतात, अर्थ कळत नाही. १९९६ साली अमेरिकेच्या एओएल कंपनीच्या गाळणीने इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नाहीत. कारण गावाच्या नावात एक असभ्य शब्द लपलेला सापडला! (आमच्या युनियनचे पान 'राजकारण' या सदरात अडकले होते, पण ती चूक होती असे मला वाटत नाही.)

व्हीपीएन म्हणजे पत्र बंद पाकिटात घालणे. नाकेदाराला मजकूर दिसत नाही. पण पाकीट परक्या पत्त्यावर चालले आहे, हे सहसा दिसते. शिवाय ज्या संगणकावर हजार माणसांचे पगार आहेत, त्यावर अनोळखी माणसाचे फुकटचे यंत्र चढवू नये, हे मालकाचे म्हणणे मला मान्य आहे. मी सभासदांना बजावतो : चोरवाट नको. आणि बँकेचा व्यवहारही तेथे नको. कंपनीने आपला दाखला संगणकात बसवला असेल, तर कुलपाचे चिन्ह दिसत असूनही आतले वाचता येते.

पण मनाई करणे निराळे आणि चोरून वाचणे निराळे. रुमानियातल्या बर्बुलेस्कू नावाच्या नोकराला २००७ साली खासगी संदेशांवरून काढून टाकले. मनाई त्याला ठाऊक होती. पण आपले संदेश वाचले जातील हे आधी सांगितले होते काय, याचा तिथल्या न्यायालयांनी नीट शोध घेतला नव्हता. २०१७ साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. प्रश्न मात्र उसना घेता येतो.

आमच्या चौकशीत मी तोच विचारला : नियम कोठे लिहिला आहे? परिपत्रक पुढे आले. त्यावरची तारीख आरोपपत्रानंतरची. साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले.

अखेर लेखी समजेवर भागले. निलंबनाच्या दिवसांचा अर्धा पगार बुडाला तो बुडालाच. त्यानंतर आम्ही मागणी केली : यादीचे नियम भिंतीवर लावा, अडलेले पान उघडून मागण्यास एक साधा अर्ज ठेवा, आणि नकाराचे कारण लिहून द्या. अर्ज मिळाला. कारणे अजून तोंडीच मिळतात. कँटीनशेजारी एक संगणक खासगी कामासाठी मोकळा ठेवला आहे. जेवणाच्या सुटीत त्यापुढे रांग असते, आणि बहुतेक लोक फंडाचाच हिशेब पाहत असतात.