भोकाच्या चकोल्या

आजचा भाग मी स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येमध्ये कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज, आमच्या पुतणीची कुरकुर हे सगळं ऐकू येईल. खिडकीबाहेर पाऊस आहे. खडकवासल्यात जुलैमध्ये पाऊस नसेल तर काय असणार! रविवार आहे, म्हणजे चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खायला अख्खं पुणं येऊन बसलंय आणि सिंहगड रोडचं काय झालंय ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही गावातले लोक रविवारी अकराच्या आत जे काही आणायचं ते आणतो आणि मग घरात बसतो. मटणसुद्धा सकाळी आठला आणलं.

आजचा विषय आहे खिमा आणि मॅकरोनी. एकाच पातेल्यात, थरावर थर लावून, वर झाकण ठेवून केलेलं जेवण.

हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते आधी सांगतो. अमेरिकेत एक प्रकार असतो, कॅसरोल. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या ठेवायचा डबा. तिकडे मात्र त्या भांड्यात भाजलेल्या पदार्थालाच कॅसरोल म्हणतात. बीफचा खिमा, नूडल्स, डब्यातलं मशरूम सूप, वर चीज, आणि सगळं ओव्हनमध्ये. ते डब्यातलं मशरूम सूप कॅम्पबेल कंपनीनं १९३४ साली बाजारात आणलं आणि तिथल्या बायकांनी ते सूप म्हणून प्यायचं सोडून सॉस म्हणून वापरलं. पुढे १९७१ च्या सुमाराला तिकडे बीफ महागलं, तेव्हा ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नावाचं पाकीट आलं. त्यात नूडल्स आणि मसाला. खिमा आपण घालायचा. थोडं मांस, जास्त नूडल्स, सगळ्यांचं पोट भरतं. म्हणजे हा काही हॉटेलातला शाही पदार्थ नाही. महिनाअखेरचा पदार्थ आहे.

आपल्याकडे २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, त्यामुळे ती रेसिपी जशीच्या तशी इथे होत नाही, आणि आमच्या घरात तर ती कधीच झाली नसती. आमच्याकडे खिमा म्हणजे बोकडाचा. तोही आता आठशेच्या घरात गेलाय. त्यामुळे थोडं मांस सगळ्यांना कसं पुरवायचं हा प्रश्न अमेरिकेतल्या त्या बाईचा आणि आमच्या आईचा अगदी सारखा आहे. आम्ही घरात सहा मोठी माणसं आणि एक पाच वर्षांची पुतणी.

पण मी हे करायला घेतलं ते पैशासाठी नाही. आजीसाठी.

आजीचं वय कागदावर एक आहे आणि तिच्या हिशोबानं वेगळं. ती म्हणते, “पुराच्या साली मी चौदाची व्हते.” पूर म्हणजे पानशेतचा, १२ जुलै १९६१. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं आमचं खडकवासल्याचं धरणही फोडलं. आमच्या घरात सगळ्या तारखा पुराच्या आधीच्या नाहीतर नंतरच्या. तर चौदा धरले तर ती आता अठ्ठ्याहत्तरची.

गेल्या दिवाळीनंतर तिला कवळी बसवली. ती नीट बसली नाही. हिरडीला टोचते, बोलताना खटखट वाजते. दोनदा दाखवून आणली, घासून दिली, तरी तेच. मग हळूहळू काय झालं, आजी संध्याकाळी साडेसहालाच जेवायला लागली. दूध-भाकरी कुस्करायची, वाटीत कालवायची, संपवायची. आम्ही जेवायला बसायचो साडेनऊला, कारण दादा त्याच वेळी कंपनीतून येतो. आम्हाला वाटलं, बरंच आहे, लवकर जेवलेलं पचायला चांगलं. मी तर तिचं कौतुक पण केलं! सगळे डाएटवाले हेच सांगतात म्हणून.

एका रविवारी मटणाचा रस्सा होता. आजीला रस्सा म्हणजे जीव की प्राण. मी म्हटलं, “आजी, आज तरी बस आमच्याबरोबर.” तर म्हणाली, “नको बाळा. तुमची ताटं उचलून व्हतात आन् मी आपली घास घोळवत बसते. सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात.”

कोणी बघत नव्हतं हो. आम्ही सगळे मोबाईलकडे बघत होतो. पण तिला तसं वाटत होतं, आणि आम्हाला पाच-सहा महिने हे कळलं नव्हतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्याही घरात कोणी असेल. दात गेले की माणसं सगळ्यात आधी मांस, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्यं, काकडी-गाजर असं चावायचं सोडतात. उरतं काय, तर चहा-बिस्किट, दूध-भाकरी, भात. पोट भरतं, पण प्रोटीन कमी पडतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा हिशोब आहे, दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. आजी पंचेचाळीस किलोची, म्हणजे साधारण सदतीस ग्रॅम. चहात बुडवलेल्या मारीतून ते कुठून येणार?

तर खिमा. खिमा चावावा लागत नाही. एवढं साधं उत्तर होतं.

पहिला प्रयोग मी अगदी इंटरनेटवर बघून केला. लोणी, मैदा, दूध घालून पांढरा सॉस. आजी दारात उभी राहून बघत होती. मी खिम्यात दूध ओततोय म्हटल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होता. “मटनात दूध? कोड उठंल अंगावर!” मी तिला सांगायचा प्रयत्न केला की तसं काही होत नाही, जगभर खातात. आईनं मला डोळ्यानं गप्प केलं. आणि खरं सांगायचं तर तो पदार्थ वाईटच झाला होता. मॅकरोनी मी पाकिटावर लिहिलंय तेवढी पूर्ण शिजवली, मग ती सॉसमध्ये परत शिजली, आणि शेवटी भिंत लिंपायच्या लायकीचं काहीतरी तयार झालं. दादा म्हणाला, “प्लास्टर चांगलं होईल.” पुतणीनं मात्र दोनदा घेतलं.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा करून मॅकरोनीऐवजी शेवया घातल्या. म्हटलं, आजीच्या ओळखीचं होईल. शेवया इतक्या बारीक, की दोन मिनिटांत गोळा! पण त्या गोळ्यामुळे आजी बोलायला लागली. म्हणाली, “ह्या बाजारच्या शेवया. शेवया कराव्यात बन्सी गव्हाच्या. तुटत न्हाईत.” आणि मग चैत्रात अंगणात बाजेवर शेवया वाळायच्या, लग्नाआधी शेजारच्या बायका जमून गव्हले, मालत्या, नखुल्या वळायच्या, एक बाई दिवसभरात किती वळायची, कोणाची नखं किती चालायची, हे सगळं तासभर ऐकलं. रेकॉर्ड करायला हवं होतं, सुचलंच नाही.

नंतर मी शोधलं. बन्सी म्हणजे ड्युरम गहू. इटलीत पास्ता ज्याचा करतात, तीच गव्हाची जात! कडक दाणा, त्याचा रवा चांगला पडतो, शिजवल्यावर आकार टिकतो. आपल्या पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेनं ड्युरमचे वाण काढलेत, एमएसीएस ४०२८ त्यातलाच एक. म्हणजे मॅकरोनी परकी आणि शेवया आपली असं मी जे धरून चाललो होतो, त्यात काही अर्थ नव्हता. मॅकरोनीच्या पाकिटामागे फक्त एवढंच बघा, ‘ड्युरम गव्हाचा रवा’ लिहिलंय का. नुसत्या मैद्याची असेल तर तिचं माझ्या पहिल्या प्रयोगासारखं होतं.

तिसरा प्रयोग यशस्वी झाला, तो कसा करायचा ते सांगतो. सहा-सात जणांना पुरतो.

खिमा अर्धा किलो. खाटकाला सांगायचं, खांद्याचा द्या, थोडी चरबी राहू द्या आणि मशीनमधून दोनदा काढा. दोनदा हे महत्त्वाचं, एकदाच काढला तर शिरा राहतात आणि कवळीत अडकतात. घरी आणून चाळणीत धुवायचा आणि अर्धा तास निथळत ठेवायचा. मी पहिल्यांदा निथळला नव्हता, पाणीच पाणी.

जाड बुडाची कढई चांगली तापवा. दोन चमचे तेल. खिमा पसरून टाका आणि हात लावू नका. हे अवघड असतं, मला माहितीये, हात शिवशिवतात. आधी त्याला पाणी सुटतं, तो उकळतो. ऐका…

[कढईचा आवाज]

हा रटरट आवाज म्हणजे अजून पाणी आहे. सात-आठ मिनिटं थांबा… आता ऐका.

[कढईचा आवाज]

बदलला ना? चर्र येतंय. आता तो शिजत नाही, भाजतोय. आता हलवा, गुठळ्या उलथण्यानं फोडा. तांबूस झाला की हळद, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला दीड चमचा. लहान मूल आहे म्हणून मी एवढाच घालतो. मग तीन टोमॅटो बारीक चिरून, वाटीभर मटार, मीठ.

आणि आता दुधाऐवजी वाटण. हे आजीचं. तिसऱ्या वेळेला तिनंच मला बाजूला सारलं. दोन कांदे गॅसच्या आचेवर सालासकट भाजले, अर्धी वाटी सुकं खोबरं तव्यावर तांबूस केलं, थोडे तीळ, कोथिंबीर, आणि मिक्सरमधून गंधासारखं बारीक वाटून घेतलं. “भरड ठेवू नको, टोचतं,” म्हणाली. हे वाटण खिम्यात घालून दोन वाट्या गरम पाणी ओतायचं आणि झाकून वीस-पंचवीस मिनिटं मंद शिजवायचं. पांढऱ्या सॉसचं जे काम होतं, म्हणजे सगळं एकत्र धरून ठेवायचं, ते खोबरं आणि कांदा जास्त चांगलं करतात. माझं मत आहे, भांडा माझ्याशी.

मॅकरोनी पाव किलो. भरपूर पाणी, त्यात मीठ, आणि पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत त्याच्या दोन मिनिटं आधी उपसायची. आतून किंचित कच्ची हवी. ते पाणी फेकू नका, एक वाटीभर ठेवा, त्यात पिठूळपणा उतरलेला असतो, तो रस्सा दाट करतो.

ओव्हन आमच्याकडे नाही. पातेल्याला तेलाचा हात लावला, खाली मॅकरोनी, वर खिमा, परत मॅकरोनी, परत खिमा. ते ठेवलेलं पाणी कडेनं सोडलं. पातेलं तव्यावर ठेवलं म्हणजे बुडाला लागत नाही. आणि पातेल्याच्या झाकणावर दुसरा तवा, लालबुंद तापवून. आजी म्हणाली, पूर्वी झाकणावर निखारे ठेवायचे, हे त्याचंच. पंधरा मिनिटं. चीज अर्ध्याच भागावर, पुतणीच्या बाजूला. चीज दुधाचंच असतं हे मी आजीला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही पण सांगू नका.

आईचा गुरुवार किंवा श्रावण असेल तर हेच सोयाच्या चुऱ्याचं होतं. भिजवून घट्ट पिळायचा आणि तेलात तसाच भाजायचा. चव वेगळी लागते, सारखी लागते असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. भांडं मात्र वेगळं, नाहीतर आमच्याकडे महायुद्ध.

तर त्या रविवारी रात्री साडेनऊला पातेलं मध्ये ठेवलं. याची गंमत अशी आहे की हे गरमच खावं लागतं. गार झालं की बसतं, परत गरम केलं की मॅकरोनी फुगते. एकानं साडेसहाला आणि एकानं साडेनऊला जेवायचा हा पदार्थच नाही. मी आजीला फक्त एवढंच सांगितलं, की तुझं वाटण आहे, मीठ बघायला ये.

ती आली. चमच्यानं थोडं घेतलं. आम्ही सगळे अगदी ठरवून दुसरीकडे बघत होतो, वहिनी तर पंख्याकडे. आजीनं एक मॅकरोनी बोटात धरली, तिच्या भोकातून पलीकडे बघितलं आणि म्हणाली, “आरं, ह्या तर चकोल्याच हायेत. भोकाच्या.”

आणि बसली. पुतणी आणि आजी, दोघी सगळ्यात शेवटी उठल्या. पुतणी एकेक मॅकरोनी बोटात घालून खात होती, त्यामुळे आजीच आधी संपली.

आता प्रत्येक रविवारी येते का? नाही. रस्सा असला की अजूनही म्हणते, माझं झालंय. कवळीचा प्रश्न सुटलेला नाही, दुसऱ्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतलीये, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून तिला घेऊन जायचंय. आणि आमच्या लक्षात आलं की साडेनऊ ही वेळ तिच्यासाठी उशिराचीच आहे, तेव्हा दादानं रविवारी तरी आठला बसायचं कबूल केलंय. बघू.

आज चौथी वेळ आहे. आजी मागे कांदे भाजतेय, तो वास तुमच्यापर्यंत पोचवायची सोय अजून फोनमध्ये आलेली नाही. तुम्ही केलंत तर मला व्हॉइस नोट पाठवा, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी काय नाव ठेवलं ते. थांबा, ती काहीतरी म्हणतेय… काय गं?

“तवा तापला का बघ. बोलत काय बसलायस!”

बरं, ठेवतो मंडळी.