फेब्रुवारीतले तीनशे रुपये

पत्रिकेत विषय छापला होता 'ग्रामीण बेरोजगारी : आजचे प्रश्न'. वक्त्यांनी मात्र सुरुवातीलाच श्रोत्यांची परीक्षा घेतली. पगारातून 'प्रो. टॅक्स' म्हणून महिन्याला 200 रुपये कापतात, फेब्रुवारीत 300. कशासाठी? सभागृहात भरणा पेन्शनरांचा. जन्मभर तो कर भरलेली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. "नोकरी करतो त्याचा दंड!" मागून कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

अर्थशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक विषय कोणताही असो, व्यवसाय कराशी, म्हणजे याच 'प्रो. टॅक्स'शी, येऊन थांबतात, हे नेहमीच्या श्रोत्यांना ठाऊक होते. त्यांचे म्हणणे असे की, महाराष्ट्राची रोजगार हमी योजना नुसत्या कळवळ्यावर उभी राहिली नाही. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून ठरावीक रक्कम तिच्यासाठी निघत होती, म्हणून ती टिकली.

"योजनेचे जनक वि. स. पागे, तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, बहात्तरचा दुष्काळ, हे तुम्हाला पाठच आहे," असे म्हणून त्यांनी इतिहास बाजूला सारला आणि लगेच त्यातच शिरले. दोन मिनिटे म्हणून काढलेला दुष्काळ काही आवरेना. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. तेव्हाची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात, म्हणजे दहातला एक जण खडी फोडत होता किंवा नालाबंडिंगची माती टाकत होता. कामावर बायका मोठ्या संख्येने, आणि हजेरीपटावर त्यांचे स्वतःचे नाव. मग मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा विषय निघाला, त्यातून दुष्काळी कामांवर वाटल्या जाणाऱ्या सुकडीचा. सुकडी चवीला बरी होती की घशाखाली उतरत नव्हती, यावर पुढच्या रांगेतल्या दोन आजींची जुंपली. वक्त्यांनी पंच व्हायचे नाकारले. पण बोलत मात्र सुकडीवरच राहिले.

संयोजकांनी घड्याळाकडे पाहिले तेव्हा ते मुद्द्यावर आले. व्यवसाय कराचा कायदा 1975 चा, रोजगार हमीचा 1977 चा. तो अमलात आला 26 जानेवारी 1979 ला. हमीसाठीच्या करातून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्याचा वेगळा निधी करायचा. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम नाही दिले तर बेकारी भत्ता. मजुराला हक्क होता आणि त्या हक्कामागे पैसाही होता. कराचा मोठा वाटा मुंबईतून यायचा.

"अन् निम्मे मुकादमाने खाल्ले!" मधल्या रांगेतून आवाज आला.

वक्ते जरा चिडले. खोटी मस्टरं झाली, पाझर तलाव अर्धवट राहिले, हे त्यांनी कबूल केले. "पण साहेब, त्याच हमीतून 1990 नंतर फळबागा उभ्या राहिल्या. तो आंबा तुम्ही खाल्लात." टाळ्या पडल्या. प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान काही दिसले नाही, आणि ते रास्तही होते. आंबा हे मस्टरचे उत्तर नव्हे.

पुढचे सगळे घाईत झाले. 2005 चा केंद्राचा कायदा आला. शंभर दिवसांची हमी देशभर झाली, अकुशल मजुरीचा खर्च केंद्राकडे गेला, आणि राज्यातल्या करदात्याला आपले पैसे कुठे जातात हे विचारायचेही कारण उरले नाही. कराची वर्षाची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या 276 व्या कलमात 1988 पासून 2500 रुपयेच आहे, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना 2023 पासून हा कर माफ आहे, म्हटल्यावर एका तरुणीने हळूच टाळी वाजवली. त्यांची मागणी एवढीच : गोळा झालेल्या कराचा जिल्हावार हिशेब वर्षातून एकदा पगारदाराच्या हाती पडावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. तेवढ्यात एका विद्यार्थ्याने ग्रामीण रोजगाराच्या 2025 च्या नव्या केंद्रीय कायद्याचे काढले : दिवस 125 झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचा आहे, महाराष्ट्र तो आणणार कुठून?

"हाच तर माझा विषय," वक्ते म्हणाले आणि पुन्हा माईककडे वळले. पण आभार मानणारे गृहस्थ आधीच उभे राहिले होते.