अडून बसलेला गिअर

जुनी मोटार एकाएकी एकाच गिअरमध्यें अडून बसली, कीं घरांत दोनच गोष्टी निघतात : गिअरबॉक्स बदलणें, नाहीं तर मोटार विकणें. दोन्ही निर्णय घाईचे आहेत.

१९४० च्या ओल्डस्मोबाइलमधील हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्सांत गिअर आपोआप बदले, तो तेलाच्या दाबानें. पुढें ही सूत्रें विजेकडे गेलीं. वेग मोजणारे सेन्सर संगणकाला वार्ता देतात. संगणक सोलेनॉइडला आज्ञा करतो. सोलेनॉइड तेलाची वाट उघडतो किंवा मिटतो. वार्तेंत विसंगति दिसली, म्हणजे संगणक गाडीला एका ठराविक गिअरमध्यें रोखून धरतो. पुष्कळदां ही मोड नसून आत्मरक्षण असतें.

म्हणून परीक्षा स्वस्ताकडून महागाकडे करावी. प्रथम तेलाची पातळी, रंग व वास पाहावा. जळका वास आंतील झीज सुचवितो. मग बॅटरी : इंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट, चालू असतां १४ च्या आसपास. नंतर तारांच्या जोडांवरील गंज पाहावा. अमेरिकेंत १९९६ पासूनच्या मोटारींत दोषसंकेत वाचण्याची सोय एकाच पद्धतीची आहे. 'पी ०७५०' हा संकेत सोलेनॉइडकडे बोट दाखवितो. परंतु दोष तारेचाहि असूं शकतो. मीटरनें रोध मोजून तो त्या मोटारीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडल्यावांचून कांहींच बदलूं नये.

कारागिराला एवढेंच विचारावें, "कोणता आंकडा पाहून आपण हें ठरविलें?" उत्तर मिळाल्यावरच पैशाच्या पिशवीला हात घालावा.