दप्तराचे स्थलांतर
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या सभासदांची आणि दिलेल्या मदतीची नोंद जुन्या संगणकातून नव्या सर्व्हरवर नेण्याचे काम आम्हां शिक्षक मंडळींवर सोपविण्यात आले. दोन दिवसांत उरकेल असे वाटले होते. लागले चार महिने. ते का लागले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दप्तर हा शब्द फारसीतून आला आणि मराठी कारभारात मोडी लिपीत नांदला. आमच्या देवासास तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात होती. दरबार दोन, कारभारही दोन. १९४८ साली ती दोन्ही आणि धारचे संस्थान मध्य भारतात विलीन झाली. वेगवेगळी दप्तरे एके ठिकाणी आणणे काय असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा पाहिले. आमच्या वाट्यास त्याचीच लहानशी आवृत्ती आली.

आपली जुनी यादी फॉक्सप्रोमध्ये बांधलेली होती. मायक्रोसॉफ्टने त्याच्या शेवटच्या आवृत्तीचा आधारही २०१५ च्या जानेवारीत काढून घेतला. शिवाय नावे कृतिदेव या टंकात. त्यात संगणकाच्या पोटी असतात इंग्रजी अक्षरे. टंक त्यांवर देवनागरीचा पोशाख चढवितो. टंक नसलेल्या यंत्रावर सभासदाचे नाव म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग! युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’चा २३२५. म्हणून नावे युनिकोडमध्ये उतरविणे भाग होते. परंतु जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार मागाहून उमटवीत. ‘मिर्झा’ या एका नावात दोन्ही अडचणी! आमच्याच बिरादरीतील कित्येक नावे पहिल्या खेपेस ओळखू येईनात.

पण खरी चूक निराळीच होती, आणि ती आमची होती. धार शाखेने सभासद क्रमांक एकपासून दिले होते, देवास शाखेनेही एकपासूनच. हे ध्यानात न घेता आम्ही दोन्ही याद्या एकत्र केल्या. एकाच क्रमांकाची दोन कुटुंबे समोरासमोर आली आणि मागून आलेल्याने आधीच्याला पुसून टाकले. धारच्या एका विधवा भगिनीच्या मुलीची शिष्यवृत्ती देवासच्या भलत्याच घराच्या नावे दिसू लागली. ही चाचणी होती, पैसे वाटले गेले नव्हते, हे भाग्य. तसेच वाटप झाले असते, तर त्या मुलीच्या फीचे काय झाले असते?

मग आम्ही शाळेतली रीत धरली. प्रत्येक क्रमांकाआधी शाखेचे अक्षर लावले. स्थलांतरापूर्वीची नोंदींची संख्या नंतरच्या संख्येशी ताडली. वर्षवार मदतीच्या बेरजा जुन्या कीर्दीशी जुळविल्या. एकाने कागदी वहीतून नाव वाचावयाचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहावयाचे, असे करीत सारी यादी तपासली. शंका आली तेथे घरी जाऊन विचारले. वृद्ध मंडळींनी चहा पाजला आणि आम्ही न विचारलेल्या चुकाही दाखविल्या.

आता नवा सर्व्हर चालू आहे. जुना संगणक मात्र आम्ही मोडीत काढू दिलेला नाही. निदान एक वर्ष तो कपाटाशेजारी राहील. नव्या नोंदींची प्रत दररोज निघते. ती धार आणि देवास दोन्ही ठिकाणी ठेविली जाते. कागदी वह्याही जपून ठेविल्या आहेत. त्या नसत्या तर आमची चूक आम्हांस कळलीच नसती.

शेवटी एक विनंती. बाहेरच्या टेबलावर छापील यादी ठेविली आहे. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कुटुंबाची नोंद वाचावी, चूक असेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. आम्ही चार डोळ्यांनी तपासले. आपण सर्वांनी पाहिले म्हणजे आमची खात्री होईल.