गिरणगावातील 'भारतमाता'

मुंबईच्या लालबाग-परळ भागातील 'भारतमाता' हे एकपडदा चित्रपटगृह, म्हणजे एकाच पडद्यावर दिवसभराचे खेळ चालवणारे चित्रपटगृह, गिरणगावाच्या, अर्थात कापडगिरण्या आणि कामगारांच्या चाळींनी व्यापलेल्या वस्तीच्या, आधारावर वाढले. गिरण्या पाळ्यांमध्ये चालत असल्याने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोकळा होणारा आणि कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेला मराठीभाषक कामगार हा त्याचा हक्काचा प्रेक्षक होता; म्हणूनच हिंदी चित्रपटांचे वर्चस्व असलेल्या या महानगरात मराठी चित्रपटांना येथे सातत्याने पडदा मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व वस्ती विखुरली. त्यातच व्हिडिओ, दूरचित्रवाणी आणि पुढे बहुपडदा चित्रपटगृहे आली. मात्र 'भारतमाता'च्या ऱ्हासाचे मूळ केवळ प्रेक्षकांच्या बदललेल्या आवडीत शोधणे अपुरे ठरते, कारण गिरणीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या या वास्तूचे भवितव्य तिकीटविक्रीपेक्षा त्या जमिनीच्या मालकीहक्कावर आणि भाडेकरारावर अधिक अवलंबून राहिले.