निवृत्तिवेतनाचा निर्णय : एकाचा नव्हे, दोघांचा





आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची एक शाखा आज अमेरिकेत आहे. ऐन उमेदीत तिकडे गेलेले आपले आप्त आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आले आहेत. ‘सोशल सिक्युरिटी’चे निवृत्तिवेतन केव्हा सुरू करावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा आहे. त्याचा विचार पती-पत्नींनी एकत्र बसून करावा, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

हा कायदा १९३५ साली झाला. मूळ कायद्यात कामगारापुरताच विचार होता; १९३९ च्या दुरुस्तीने पत्नी व विधवा यांना त्यात स्थान मिळाले. १९६० वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पूर्ण वेतनाचे वय ६७ आहे. ६२ व्या वर्षी घेतल्यास ७० टक्केच हाती येते. ६७ नंतर थांबल्यास दरवर्षी ८ टक्के वाढून ७० व्या वर्षी १२४ टक्के होते. त्यापुढे थांबण्यात लाभ नाही.

जोडीदाराचा हक्क निराळा आहे. पतीच्या पूर्ण वेतनाच्या जास्तीत जास्त निम्मी रक्कम पत्नीस मिळू शकते. परंतु पतीने स्वतःचे वेतन सुरू केल्याखेरीज ती मिळत नाही. ६२ व्या वर्षी घेतल्यास हे प्रमाण साडेबत्तीस टक्क्यांवर येते आणि ६७ नंतर थांबल्याने वाढत नाही. पत्नीचे स्वतःचे वेतन असल्यास केवळ उणी पडणारी रक्कम भरून दिली जाते.

उदाहरण घेऊ. दोघे समवयस्क, पतीचे पूर्ण वेतन २००० डॉलर, पत्नीचे ६००. महागाईनुसार होणारी वाढ बाजूस ठेवू. दोघांनी ६२ व्या वर्षी घेतल्यास पतीस १४०० व पत्नीस ६८० मिळतील. पती ७० पर्यंत थांबला आणि पत्नीने स्वतःचे वेतन ६२ व्या वर्षी घेतले, तर आरंभी तिचे ४२० डॉलरच येतील. पुढे मात्र पतीचे २४८० व पत्नीचे ८२० होतील. पतीपुरता हिशेब केला तर थांबल्याची भरपाई सुमारे साडेऐंशीव्या वर्षी होते. ‘तेवढे कोण जगणार?’ असे म्हणून अनेकजण घाई करतात.

येथेच विचार अपुरा राहतो. पतीच्या निधनानंतर दोन वेतनांपैकी मोठे तेवढेच चालू राहते. पतीने ७० व्या वर्षी सुरू केले असेल, तर पूर्ण वय झालेल्या विधवेस २४८० डॉलर मिळतील. ६२ व्या वर्षी घेतले असेल, तर १६५०. दरमहा ८३० डॉलरचा हा फरक तिला आयुष्यभर सोसावा लागतो. म्हणून ज्याची मिळकत अधिक, त्याच्या अर्जाचे वय हे मागे राहणाऱ्याच्या पोटापाण्याचे वय असते. पत्नीची मिळकत अधिक असल्यास हाच न्याय उलट लागू होतो.

जुन्या सल्ल्यांपासून मात्र सावध राहावे. अर्ज करून वेतन स्थगित ठेवायचे व तेवढ्यात जोडीदाराचा हक्क घ्यायचा, ही युक्ती २०१५ च्या कायद्याने २०१६ पासून बंद झाली. आज एक अर्ज केला की स्वतःचा व जोडीदाराचा असे मिळू शकणारे दोन्ही हक्क मागितले असे धरले जाते. वैधव्याचा हक्क याला अपवाद आहे. तो ६० व्या वर्षापासून घेऊन स्वतःचे वेतन ७० पर्यंत वाढू देता येते.

थांबणे सर्वांनाच साधेल असे नाही. नोकरी गेली, शिल्लक नाही, दोघांचीही प्रकृती क्षीण आहे, तर लवकर घेण्यात गैर काहीच नाही. पत्नीची स्वतःची मिळकत नसेल आणि ती वयाने मोठी असेल, तर पतीच्या थांबण्याने तिची वर्षे वाया जातात, तेही मोजावे.

आपल्या आप्तांचा दूरध्वनी येईल तेव्हा एवढेच विचारावे : “हा हिशेब वहिनींना दाखवलात का?” घरातील कागद ज्या व्यक्तीने कधी हाताळले नाहीत, तिच्यावरच पुढे ते सांभाळण्याची वेळ येते. तिला आजच शेजारी बसवून घ्यावे.